डबल घंटीचे देवरावजी

देवरावजी ढगे ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोणावर चार पानं लिहायला घेतली की आमच्या कारंज्यात लोक आधी हार आणतात आणि मग मजकूर वाचतात. हार आणला असेल तर दाराला लावा. माणूस जिवंत आहे, भूक शाबूत आहे, आणि मी नागपूरला राहायला आलो असलो तरी वारा कारंज्याकडून वाहत असला की त्यांचा आवाज मला इथे गॅलरीत ऐकू येतो.

त्या आवाजाचं काय सांगावं! देवरावजी कंडक्टर होते. कारंज्याच्या स्टँडवर उभं राहून त्यांनी "वर्धाऽऽ" म्हटलं की तिकडे वर्ध्याच्या स्टँडवरचे लोक पिशव्या उचलायचे. आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच. ते तिकडे शिंकले की इकडे माझा चष्मा घसरायचा. नोकरी संपली, पण त्यांच्यातला कंडक्टर काही उतरला नाही. देवळात रांग लागली की हे मागून, "पुढं सरका, पुढं सरका, आतमंधी पूर्ण जागा आहे!" तेरवीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी एकदा सवयीनं विचारलं होतं, "बाप्पा, कुठं उतराचं?" म्हातारा जेवण सोडून उठला.

निवृत्त झालेली माणसं शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. देवरावजी घंटी घेऊन आले. मोडीत निघालेल्या गाडीची घंटी, भंगारवाल्याशी दुपारभर हुज्जत घालून मिळवलेली. दिसायला पेरूएवढी, पण वाजली की तळेगावपर्यंतच्या गायी माना वर करायच्या. "एक घंटी म्हंजे थांब, दोन घंट्या म्हंजे चाल. जगात याच्यावर तिसरी गोष्ट नाई," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. ती घंटी त्यांनी स्वयंपाकघरात टांगली आणि तिची दोरी ओसरीपर्यंत ओढून आणली. खुर्चीत बसून दोरी दोनदा ओढली की चहा यायला पाहिजे, असा नियम निघाला.

"मी काय गाडी आहो?" शांताकाकू आतून ओरडल्या. "डिझेल भरलं काय तुमी माह्यात?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी ओसरीतलं दोरीचं टोक सोडलं आणि अंगणातल्या बकरीच्या गळ्यात बांधलं. मग दिवसभर बकरी घंटी द्यायची आणि देवरावजी चहा करायचे. आठवडाभरात घंटी खाली उतरली.

आता इतकी चांगली घंटी बेकार कशी बसू द्यायची? म्हणून कुत्रा आणला गेला. लोक कुत्र्यासाठी घंटी आणतात, आमच्या शेजारी घंटीसाठी कुत्रा आला. घर हायवेच्या कडेला, ट्रकांची ये-जा, शेतातल्या पाण्याच्या मोटारी आणि अंगणातली पोती उचलून नेणारे लोक. राखणीला कुत्रा हवाच होता म्हणा. एका ढाब्यामागून त्यांनी ते पिल्लू उचललं. त्याचा बाप म्हणे बोरच्या जंगलातला लांडगा होता. मी लांडगा पाहिलेला नाही, पण पिल्लू मोठं झाल्यावर दुपारी समोरून येणारे ट्रकवाले त्याला पाहून लाइट डिप करायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

देवरावजींनी त्याचं नाव ठेवलं डायवर. "कसा बी असो," ते म्हणाले, "डायवर घंटीशिवाय हालत नाई."

आणि खरंच, त्यांनी त्याला तसा घडवला. जुन्या खाकी कोटाच्या बाहीत कडबा कोंबायचा, ती बाही कोणाच्या तरी हातात चढवायची आणि त्याला अंगणात चोर म्हणून पळवायचं. पहिला चोर व्हायचा मान शेजारधर्म म्हणून मला मिळाला. मी पळत सुटलो. डायवर जागेवर बसलेला, कान टाचणीसारखे ताठ, नजर देवरावजींच्या हातातल्या घंटीवर. टिंग-टिंग! पुढचं मला नीट आठवत नाही. मी जमिनीवर होतो आणि बाही त्याच्या जबड्यात होती, एवढं खरं. मग टिंग! त्यानं सोडलं आणि माझ्या शेजारी सभ्यपणे बसला.

"धराचं, फाडाचं नाई," देवरावजी त्याला समजावत होते. "आपल्याले पाशिंजर उतरवाचा आहे, मारून टाकाचा नाई."

फक्त एक गोष्ट या थोर शिक्षकाच्या ध्यानातून निसटली होती. कारंज्यात घंटी ही एकट्या देवरावजींकडे नव्हती. उन्हाळ्यात कुल्फीवाला आला, त्यानं कोपऱ्यावर टिंग-टिंग केलं, आणि डायवर कंपाउंडवरून असा गेला की त्याची सावली मागे अंगणातच राहिली. कुल्फीवाला पायजम्याला धरला गेला. बिचारा निम्मी पेटी वाटून मोकळा झाला आणि तरी पायजमा सुटेना, कारण देवरावजी आंघोळीला बसले होते आणि एकेरी घंटी देणारं कोणी नव्हतं. मग तह झाला. कुल्फीवाल्यानं तीनदा वाजवायचं. आजही कारंज्यात कुल्फीची घंटी तीनदा वाजते, जाऊन ऐका. गणपतीत आरतीच्या वेळी डायवरच्या कानात कापूस असायचा, आणि शाळेच्या शिपायाला देवरावजी स्वतः भेटून आले होते.

या सगळ्यावर समोरचे मोहनशेठ पोट धरून हसायचे. मोहनशेठचं किराण्याचं दुकान. त्यांचाही एक कुत्रा होता, रॉकी. रॉकीला कोणाचीच घंटी लागत नसे. त्याच्या मनात आलं की तो चावायचा, आणि त्याच्या मनात सारखं येत असे. तो दूधवाल्याला चावला, मीटर वाचणाऱ्याला चावला, दिवाळीला आलेल्या जावयाला तर दोन्ही वेळा चावला, येताना आणि जाताना. गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडून ओरडून साखर मागायची आणि मोहनशेठ पुडे फेकायचे. पावशेर जिरं झेलण्यात आमच्या गल्लीतल्या बायकांचा हात कोणी धरू शकत नसे.

"कंडक्टरसाब," मोहनशेठ म्हणायचे, "चोर काय टाइम देऊन येते क्या? कुत्र्याले देवानं नाक देल्लं, दिमाग देल्ला. तुमी घंटी शोधता तवापर्यंत चोर अमरावतीले पोचते."

"तुमचा रॉकी जावयाले चावला, तो दिमाग काय?"

"जावई बी तसाच आहे ना!"

"उद्या तुमाले चावला म्हंजे?"

मोहनशेठ यावर विषय बदलायचे, कारण तेही होऊन गेलं होतं.

हा वाद रोज संध्याकाळी ओट्यावर चालायचा आणि गावाला त्याची चटक लागली होती. पण एका बाजाराच्या दिवशी त्यातली गंमत गेली. देवरावजी, काकू आणि डायवर बाजारातून परतत होते. मागून एक मोटरसायकल आली, मागे बसलेल्यानं काकूंच्या गळ्यातली पोत ओढली. काकू पडल्या नाहीत, पण ओरडल्या. डायवर ताडकन उभा राहिला. सगळं अंग धनुष्यासारखं ताणलेलं, आणि तोंड मात्र मागे, देवरावजींच्या हाताकडे वळलेलं. हातात घंटी नव्हती. घंटी पिशवीत होती. पिशवीत वांगी होती, वांग्यांवर टमाटे होते, टमाट्यांवर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती. देवरावजींनी भर रस्त्यात पिशवी उलटी केली. घंटी सापडली तेव्हा मोटरसायकलची धूळसुद्धा खाली बसली होती. त्यांनी तरीही वाजवली. डायवर सुसाट गेला, जिथे ती मोटरसायकल दिसेनाशी झाली होती तिथवर, आणि रिकाम्या रस्त्यावर बसून राहिला.

 काकूंनी वांगी गोळा केली. नवरा चुकला की बोलून बोलून त्याचं भरीत करणारी ती बाई एक शब्द बोलली नाही, हे देवरावजींना फार लागलं.

त्या संध्याकाळी मोहनशेठ ओट्यावर आले. मला वाटलं, आता हे रान पेटवणार. पण ते हळूच म्हणाले, "देवराव, आता तरी छोड दो यार ते घंटी. कुत्र्याले मोकळा करा."

"नाई," देवरावजी म्हणाले. हातात तिकिटाचा जुना पंच होता. विचारात असले की तो टकटक वाजवायचे. "तुमाले रामभाऊ आठवते काय? माहा डायवर?"

आम्हाला अंधुक आठवत होता. देवरावजींच्या गाडीवर वर्षानुवर्षं तोच असायचा. घंटी मिळाल्याशिवाय गिअरला हात न लावणारा.

"एका दिवशी लावला," देवरावजी म्हणाले. "गर्दी होती. त्याले वाटलं, झाले सारे चढून. मी मांगं तिकीट फाडून राह्यलो होतो. एका बाईचा पाय पायरीवर होता. गाडी हालली, बाई खाली. पाय मोडला तिचा. चौकशी लागली. सायबानं मले इचारलं, घंटी देल्लती काय? मी म्हटलं, नाई. खरंच नव्हती देल्ली." पंच टकटक करत राहिला. "सारं त्याच्या एकट्याच्या अंगावर आलं. पुन्हा गाडीवर बसला नाई तो. मी खरंच बोल्लो होतो, कोणी मले काई म्हटलं नाई."



"घंटी म्हंजे हुकूम नाई, शेठ. घंटी म्हंजे जामीन आहे. मी घंटी देल्ली आन् डायवर कोणाले धरलं, तर लोक मले धरतीन. बिन घंटीचा धावला, तर लोक त्याले मारून टाकतीन. त्याले थोडीच बोलता येते चौकशीत?" मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्या हायवेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणून सांगतो. ज्या दिवशी हा बिन घंटीचा हालला, त्या दिवशी माह्या दारातून गेला!"

कारंज्यात असं बोललेलं वाक्य विसरलं जात नाही. पानठेल्यावर ते दुसऱ्या दिवशी पाठ झालं होतं. त्या दिवसापासून घंटी देवरावजींच्या गळ्यात आली, सदऱ्याच्या आत, दोरीत ओवलेली. ते चालले की छातीत कोणीतरी हळूच बोलल्यासारखं वाजायचं.

मग त्यांच्या प्रशांतचं लग्न ठरलं. प्रशांत आंजीला शाळेत मास्तर. इतका मऊ की फळ्यावर खडू जोरात टेकवायचा नाही. मुलगी अल्लीपूरची, रूपाली, कापडाचं दुकान असलेल्या वसंतरावजींची. लग्न अल्लीपूरला. कारंज्याहून अख्खी गाडी भरून वऱ्हाड निघालं. मोहनशेठ होते, मी होतो, आणि ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावर डायवर बसला होता. लग्नघरी कुत्रा कशाला, असं काकू दहादा म्हणाल्या. पण घरी कोणी नाही, त्याला भाकर कोण घालेल, आणि मुख्य म्हणजे देवरावजींच्या मते डायवरशिवाय गाडी निघूच शकत नव्हती. दारात उभं राहून त्यांनी डबल घंटी दिली तेव्हा त्यांच्या अंगातली सगळी निवृत्ती गळून पडली.

लग्न झकास लागलं. डायवरला मांडवाच्या कडेच्या खांबाला बांधलं होतं आणि जिलबी खाऊन तो संन्याशासारखा पडला होता. होमात लाह्या घालायची वेळ आली आणि पाठोपाठ कानपिळी. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, म्हणजे बहिणीला नीट सांभाळ, मागे मी उभा आहे. नवरदेवानं खोटं खोटं विव्हळायचं, मेहुण्याला कापड द्यायचं, लोकांनी हसायचं, संपलं.

पण रूपालीचा भाऊ गोलू. गोलू हे नाव लहानपणी ठेवलेलं. लग्नापर्यंत तो व्यायामशाळेत जाऊन चौकोनी झाला होता. त्याचे मित्र मागून ओरडत होते, "पिय रे गोल्या, जोरानं पिय कान!" आणि गोल्यानं मोटरसायकलचा एक्सलेटर द्यावा तसा कान पिळला. प्रशांत खरा ओरडला, "अया मायऽ!"

डायवरनं जन्मापासून प्रशांतच्या हातची भाकर खाल्ली होती. पण कानपिळी त्याला कोणी शिकवली नव्हती.

तो उठला. दोरीही आली, खांबही आला, आणि खांबाबरोबर मांडवाची एक बाजू नम्रपणे खाली आली. गोलू लाह्यांच्या सुपात बसला होता आणि त्याच्या नव्याकोऱ्या शेरवानीची बाही डायवरच्या दातांत होती. धरली होती, फाडली नव्हती. पण ते बघायला कोणाला वेळ होता? बँडवाल्याचा शेवटचा सूर हवेत तसाच लटकत राहिला.

"मारा त्या कुत्र्याले!" नवरीचा काका ओरडला. खुर्च्या उचलल्या गेल्या. एकानं पडलेल्या मांडवाचा बांबूच उपसला.

आणि आम्ही सगळे कारंजेकर कुत्र्याकडे न बघता देवरावजींकडे बघत होतो. बिन घंटीचा हालला होता. त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांच्या डोक्यात वाजत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्याही. डायवरचे दात बाहीवर होते, पण डोळे देवरावजींच्या छातीवर. राहून गेलेलं काहीतरी तो मागत होता.

देवरावजींनी सदऱ्यात हात घातला.

टिंग-टिंग.

"थांबा!" त्या आवाजानं बांबू धरलेला माणूस जागच्या जागी गोठला. "घंटी मी देल्ली."

मग एकेरी, टिंग. डायवरनं बाही सोडली आणि बसला.

वसंतरावजी पुढे येऊन व्याह्यांसमोर उभे राहिले. रंग उडालेला. "इवाईबुवा, तुमी? भर मांडवात माह्या पोरावर कुत्रं सोडलं?"

"सोडलं," देवरावजी म्हणाले. "पोराचा कान पाहून जीव कळवळला, हात चालून गेला. मुक्या जनावराचा काई दोष नाई. मी सांगतलं, त्यानं केलं. चूक कंडक्टरची आहे, डायवरची नाई."

"पण घंटी तं मांगून वाजली!" काका ओरडला. "मी ऐकली ना!"

आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात गर्दीतून मोहनशेठ घुसले. "बिल्कुल गलत! पयले वाजली. मी इथंच उभा होतो, माह्या कानात वाजली. ह्यो कुत्रा घंटीशिवाय हालतच नाई, साऱ्या कारंज्याले इचारा!" जिंदगीभर ज्या गोष्टीसाठी भांडले, ती जिंकायची संधी समोर उभी होती, आणि हा माणूस ठासून खोटं बोलत होता. मग आम्ही सगळेच ओरडलो, "पयले वाजली! पयले वाजली!" मी तर एवढ्या जोरानं ओरडलो की मलाही ते खरं वाटायला लागलं.

रूपाली हातात लाह्या घेऊन उभी होती. लग्न तिथं, त्या मुठीत अडकलं होतं.

देवरावजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि लाह्या झटकत उठणाऱ्या गोलूसमोर जाऊन उभे राहिले. "बापू, तुहं काम अर्धं राह्यलं. घे, माहा कान पिय."

गोलूनं डायवरकडे पाहिलं. "आन् ह्यो?"

"तो माह्या जिम्मेदारीवर." टिंग.

गोलूनं दोन बोटांनी कान धरला, गरम भांडं धरावं तसा.

"असा नाई. प्रशांतचा पियला तसा."

गोलूनं पिळला. देवरावजींचा कान आधी लाल झाला, मग जांभळा, मग कुठल्या रंगाचा ते मला सांगता येत नाही. ते हूं की चूं बोलले नाहीत. डायवरच्या घशातून किटलीसारखा आवाज निघत होता, सगळं अंग थरथरत होतं, लाळ गळत होती. तो कानाकडे बघायचा, घंटीकडे बघायचा, पुन्हा कानाकडे. पण बसलेला. जमिनीत पुरल्यासारखा बसलेला.

"गोल्या, पुरे झालं ना बे!" रूपाली कडाडली. "सासरे आहेत ते माहे!"

पहिले हसले वसंतरावजी. मग काका, मग बांबूवाला, मग सगळा मांडव, जो काही उभा होता तेवढा. बँडवाल्यानं लटकलेला सूर उतरवून घेतला आणि पुढे वाजवायला लागला. काकूंनी नवरीकडच्या बायकांसमोर डोळ्याला पदर लावला, आणि बाजारापासून साठवलेलं सगळं एका वाक्यात बाहेर आलं, "घंटी जवळ असली म्हंजे बरं असते." गोलूला कापड मिळालं, वर एका बाहीचे पैसे देवरावजी देत होते ते त्यानं घेतले नाहीत, ती दातांच्या खुणांची शेरवानी तो अजून मिरवतो म्हणे.

परतताना गाडीत देवरावजी माझ्या शेजारी बसले होते. कान वांग्यासारखा. पायाशी डायवर घोरत होता. मी विचारणार होतो; पण त्यांनीच खिडकीबाहेर बघत म्हटलं, "आज झोप येईन बरं." आणि कारंजा येईपर्यंत ते असे झोपले की गाडी लागल्यावर घंटी द्यायलाही उठले नाहीत.

डायवर त्यांच्या दारातून गेला नाही, हे सांगायला नको. पानठेल्यावर ते जुनं वाक्य पुन्हा कोणी काढलं नाही.

गेल्या दिवाळीत मी कारंज्याला गेलो होतो. निघताना नागपूरची गाडी हायवेवर त्यांच्या घरासमोरच थांबली, पुढे ट्रक अडकला होता. खिडकीतून ओसरी दिसत होती. देवरावजी खुर्चीत, मांडीवर प्रशांतची पोरगी. पोरीनं दोन्ही हातांनी आजोबाचा कान पकडला होता आणि मामाचं रक्त असल्यासारखी पिळत होती. "अया मायऽ!" देवरावजी ओरडले, आमच्या गाडीतली दोन माणसं दचकली.

पायाशी म्हातारा डायवर होता. थुतरी, नाकापासून जबड्यापर्यंत, पांढरी झालेली. त्यानं डोकं उचललं. कानाकडे पाहिलं. मग वर, भिंतीवरच्या खिळ्याकडे; तिथं घंटी टांगलेली होती, कोणाचा हात तिला लागलेला नव्हता. मग त्यानं पोरीकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा पंजांवर हनुवटी टेकून डोळे मिटले.

आमच्या गाडीच्या कंडक्टरनं डबल घंटी दिली. गाडी निघाली. डायवरचा फक्त एक कान हलला.